खंडेनवमीला पेटवलेलं इंजीन

कासारवाडीत आमच्या खोलीसमोरून लोणावळ्याची गाडी विजेवर जायची. त्यामुळे मी घरी वाफेचं छोटं इंजीन बांधणार हे कळल्यावर कारखान्यातल्या फोरमनसाहेबांना हसू आवरेना. "अरे, जग विजेवर चाललंय आणि तू चूल पेटवतोस?" माझं डोकंच फिरलं. त्याच क्षणी ठरवलं, बांधीन तर वाफेचंच, आणि याच माणसाला बसवून ओढून दाखवीन.

जुन्या बाजारात मिळालेल्या इंग्रजी मासिकांत दोन आराखडे होते. एक लांबलचक, सहा मोठ्या चाकांचं, देखणं इंजीन. दुसरं यार्डात डबे ढकलणारं, चार चाकांचं, बुटकं. सगळे म्हणाले, मोठं घे. मी बुटकं घेतलं. दिसायला रॉकेलच्या डब्यासारखं, असेना का! मला मिरवायचं नव्हतं, ओढायचं होतं. बॉयलर पुण्याच्या तांबटाकडून ठोकून घेतला. हा आंघोळीचा बंब नव्हे, यात वाफ कोंडायची आहे, हे त्याला तीनदा समजावलं. बाकीचं दीड वर्ष दारात बसून कानस घासण्यात गेलं.

सगळ्यांना एकदम सुटी असते म्हणून मी खंडेनवमीचा दिवस धरला. सकाळी रीतीप्रमाणे बायकोनं आणि मी पाने, हातोडे, कानशी पाटावर मांडून पुजल्या. दुपारी अंगणातल्या वीस फूट रुळांवर इंजीन ठेवून आत कोळसा पेटवला. फोरमनसाहेबांसह निम्मं खातं जमलं होतं.

वाफ धरली आणि पाण्याच्या पंपाचा नट ढिला झाला. पाणी बॉयलरमध्ये जायच्या ऐवजी माझ्या धोतरावर उडू लागलं. बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली पातळी उतरत होती. बॉयलर कोरडा पडला की तांबं जळणार. पाना पाहिजे होता, आणि पाने सगळे पूजेत. पुजलेलं हत्यार दसऱ्याआधी कोणी उचलत नाही. माझ्यासारख्या फिटरला हे आधी सुचू नये याची मला अजून लाज वाटते.

"हात लावू नकोस हं," फोरमनसाहेब म्हणाले. "विझव आग. उद्या बघू."

"व्हय राव, ऱ्हाऊ द्या," शेजारीही म्हणाला.

मी दाराकडं पाहिलं. बायको उंबऱ्यात उभी होती.

"माझ्याकडं काय बघताय? पाणी उतरतंय, तिकडं बघा."

मी आत गेलो, झेंडू बाजूला केला, पाना उचलला आणि नट आवळला. पाणी नळीत परत चढलं.

"बसा साहेब," मी म्हणालो.

इंजिनामागं जोडलेल्या छोट्या गाड्यावरच्या फळीवर ते बसले, बहुधा काहीतरी वाईट घडेल याच खात्रीनं. इंजिनाची चाकं एकदा जागच्या जागी फिरली, मग रुळावर पकड बसली आणि साहेबांना घेऊन इंजीन थेट भिंतीपर्यंत गेलं.

"पूजा मोडलीस. भोगशील," ते फळीवरूनच म्हणाले.

"भोगीन की. उतरा आता, मागं लोकं थांबल्यात."