फूटपट्टीखालचा कडा

पंचायत समितीच्या टेबलावर काल नकाशा पसरला होता. डोंगरावरच्या धनगरवाड्यातली शाळा बंद करायची की नाही, ते त्यावर ठरणार होतं. साहेबांनी वाड्यापासून खालच्या गावातल्या शाळेपर्यंत फूटपट्टी ठेवली आणि म्हणाले, "दीडच किलोमीटर. पोरं चालत जातील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पट्टीखाली तपकिरी रेषा एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या या रेषा जितक्या जवळ, तितका चढ उभा, हे मी भूगोलाच्या तासाला जन्मभर शिकवलं. तिथे सरळ कडा आहे. कुणीतरी उन्हातान्हात डोंगर मोजून तो इमानानं कागदावर उतरवला, आणि यांनी त्यावर पट्टी ठेवली! कागद खरं बोलतो, पण वाचणाऱ्याला वाचायचंच नसेल तर?

वाड्यातल्या सखूबाई दारातूनच म्हणाल्या, "सायेब, ही तर पाखराची वाट झाली. आमची पोरं पायानं चालत्यात."

साहेब हसले आणि त्यांनी सही केली.

मी कुणावर चिडू? हे साहेब माझ्याच वर्गातले. याच रेषांच्या प्रश्नाला मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले होते.