चार डागांचा पिस्टन

महेंद्र ओव्हाळ कार्बोरेटर लावत असताना कुणी बोललेलं त्याला खपत नसे. बोललंच कुणी, तर हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून तो त्या माणसाकडे नुसता बघत बसायचा. शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या त्याच्या गॅरेजात मी भल्याभल्या पुढाऱ्यांना असं गप्प होताना पाहिलंय. गिऱ्हाईक तुटेल वगैरे भीती त्याला नव्हती. तुटलेलं गिऱ्हाईक आठवड्यानं परत यायचंच, कारण दुसरीकडे सेट केलेली गाडी वाटेत ढेकर द्यायची.

त्याचं खरं हत्यार म्हणजे कान. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तो इंजिनाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून घ्यायचा. मग कार्बोरेटरच्या बाजूचा स्क्रू पाव फेरा आत, अर्धा फेरा बाहेर. जेट एका बामच्या डबीत ठेवलेले असायचे. जेट म्हणजे मुगाएवढा पितळी तुकडा, मधोमध बारीक भोक. इंजिनाला पेट्रोल किती मिळणार ते त्या भोकावर ठरतं. भोक मोठं असलं तर गाडी नुसती धूर ओकते. बारीक असलं तर वाऱ्यासारखी पळते, पण आत पिस्टन तापतो, सिलेंडरला चिकटतो आणि मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. तेव्हा गाडीवर बसलेल्याचं काय होतं ते मी पुढं सांगणारच आहे, आणि सांगायची मला मुळीच हौस नाही.

मी ज्ञानदेव. दौंडला माझं लेथ आहे. महेंद्रही मूळचा दौंडचाच, आम्ही दोघं एकाच बाकावर बसून नापास झालो. पुढं तो शिरूरला गेला, मी वडिलांच्या लेथवर उभा राहिलो. त्याच्याकडची सिलेंडरं बोअरिंगला, म्हणजे आतून कातून नव्या पिस्टनच्या मापाची करायला, माझ्याकडे यायची. तो स्वतः पिशवीत घालून एसटीनं आणायचा, माझ्याच बाकड्यावर चहा पीत बसायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. दुसऱ्या कुणाच्या लेथवर त्याचा विश्वास नव्हता. हे मी फुशारकीनं सांगत नाहीये.

रांजणगावला कंपन्या आल्या आणि तालुक्यातल्या तरण्या माणसांना महिन्याच्या महिन्याला पगार दिसायला लागला. ज्याच्या त्याच्याकडे आरएक्स हंड्रेड मोटारसायकल आली, आणि ज्याच्या त्याला ती दुसऱ्यापेक्षा जोरात पळायला हवी झाली. महेंद्र पुण्याच्या नाना पेठेतून चोवीस एमएमचे मोठे कार्बोरेटर आणायचा आणि एकेकाला बसवून द्यायचा. न्हावऱ्याचा सुदर्शन त्यातलाच एक. सोपानराव आणि रंभाकाकूंचा एकुलता एक, कंपनीत पहिल्या शिफ्टला जाणारा, कुणाला मामा म्हटल्याशिवाय हाक न मारणारा. अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर त्यानं सगळं इंजिन उघडायला दिलं. नवा पिस्टन, नवं बोअरिंग आणि मोठा कार्बोरेटर.

सिलेंडर घेऊन महेंद्र आला त्या दिवशी दुपारी दोनला लाइट जाणार होती. मी घाईघाईत शेवटचा कट मारला. बोअरिंग झालं की सिलेंडर गरम असतो, आणि गरम लोखंड फुगलेलं असतं. ते थंड होईपर्यंत थांबायचं, मग माप घ्यायचं, हा माझ्या बापानं घालून दिलेला नियम. त्यासाठीच तर आमच्याकडे चहा असायचा. त्या दिवशी चहा झाला नाही. महेंद्रला नेहमीची सोडून अडीचची गाडी धरायची होती, लाइट जायला दहा मिनिटं होती, आणि मी गरम सिलेंडरचं माप घेऊन "फिट हाय, ने" म्हणालो. पिस्टन आणि सिलेंडरमध्ये ठेवायची जागा केसाहून बारीक असते. सिलेंडर निवला की तीही आवळते, हे मला माहीत होतं. बसेल, चालून चालून मोकळा होईल, असं मी मनाला सांगितलं.

महेंद्रनं गाडी बांधली. भर दुपारी रस्त्यावर पळवून, प्लग काढकाढून बघितला. प्लगच्या टोकाला बिस्किटाचा रंग आला तेव्हाच त्यानं जेट कायम केला. सुदर्शनला बजावलं, पहिले हजार किलोमीटर हळू चालव. थंडी पडली की परत ये, थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं, जेट बदलावा लागेल. पौषात सुदर्शन आला. त्या दिवशी गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. महेंद्र म्हणाला, "रविवारी ये, निवांत बघू."

शुक्रवारी पहाटे सुदर्शनचे हजार किलोमीटर पूर्ण झाले होते. कडाक्याची थंडी होती, शिफ्टला उशीर होत होता, त्यानं पहिल्यांदाच गाडी पूर्ण पिळली. न्हावऱ्याच्या पुढच्या मोरीजवळ मागचं चाक जाम झालं. तो मोरीच्या कठड्यावर आदळला आणि जागीच गेला.

दहाव्याला महेंद्र सगळ्या माणसांसमोर सोपानरावांपुढे उभा राहिला. म्हणाला, "आप्पा, जेट बारीक ऱ्हायला. तुमचा ल्योक माझ्या हातानं गेला." मी त्याच्या मागे उभा होतो. त्याच क्षणी मला बोलता आलं असतं, कारण मला गरम सिलेंडर आठवत होता. मी बोललो नाही. सोपानरावांनी महेंद्रला चहा द्यायला सांगितलं आणि तोंड फिरवलं.

त्यानंतर महेंद्रनं मोठा कार्बोरेटर कुणालाच बसवला नाही. उरलेले दोन पोत्यात बांधून माळ्यावर टाकले. रस्त्यानं एखादी आरएक्स जोरात गेली की हातातलं काम थांबवून तो आवाज पार विरेपर्यंत ऐकत राहायचा, आणि विरला की श्वास सोडायचा. त्याची बायको माया मला म्हणाली होती, "भावजी, हे जेवता जेवता थांबत्यात. मला काय ऐकू येत न्हाई, ह्यांना येतं." दर पौषात तो न्हावऱ्याला जायचा. सोपानराव त्याला चहा द्यायचे, बोलायचे नाहीत. चहा पिऊन तो परत यायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा जायचा. सहा वर्षं. आणि मी दौंडला शहाण्यासारखा लेथ चालवत होतो. गाडी न उघडता सोपानरावांच्या गोठ्यात पडून होती, हाच माझा आधार होता.

दोन हजार चार सालच्या डिसेंबरात ती गाडी टेम्पोत घालून सोपानराव स्वतः गॅरेजात आले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा महेंद्रशी बोलले. रंभाकाकूंना रोज पहाटे गाडी ऐकू यायची. "आला," म्हणून त्या उठून बसायच्या. डॉक्टर झाले, देव झाले. सोपानराव म्हणाले, "खरी गाडी एकदा तिच्यापुढं वाजव. तिला कळंल, गाडी हितं हाय, आन् त्यो न्हाई. तू लावलावता तसंच सगळं लाव. मोठं कार्बोरेटर पण." मग म्हणाले, "महेंद्र, तुझ्यावर माझा राग ऱ्हायला न्हाई. लई वर्सं व्हता." महेंद्र पान्हा हातात धरून लहान पोरासारखा रडला, असं मायानं मला फोनवर सांगितलं. फोन ठेवल्यावर मी लेथ बंद केलं. आता इंजिन उघडणार होतं.

इथं एक गोष्ट समजून घ्या. जाम झालेला पिस्टन खोटं बोलत नाही. पेट्रोल कमी पडलं असेल तर तो सायलेन्सरच्या बाजूला, एकाच जागी खरवडतो. सिलेंडरच तंग असेल तर चारी बाजूंना चार डाग पडतात. हे मला ठाऊक होतं आणि महेंद्रला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मी शिरूरला गेलो. न जाणं शक्यच नव्हतं, नवं बोअरिंग मलाच करायचं होतं. लाकडी दांड्यानं ठोकून महेंद्रनं पिस्टन बाहेर काढला, रॉकेलच्या फडक्यानं पुसला आणि उजेडात धरून सावकाश फिरवला. एकदा फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मग त्यानं पिस्टन मुठीत धरून सायलेन्सरची बाजू तेवढी माझ्याकडे केली.

"हे बघ. एकच डाग. जेटच बारीक व्हता."

त्याच्या बोटांच्या फटीतून मला दुसरा डाग दिसत होता, आणि अंगठ्याखालून तिसऱ्याची कड. मी "हं" म्हणालो. त्यानं पिस्टन वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात घातला.

सिलेंडर दौंडला आणला तेव्हा बोअरिंगनंतर मी तास दीड तास थांबलो. नंतर तीनदा माप घेतलं. आता तीनदा घेऊन उपयोग काय होता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

थंडीतला जेट थंडीतच ठरवायचा म्हणून महेंद्रनं गाडी न्हावऱ्यातच सेट करायची ठरवली. सकाळी सातला आम्ही तिथं होतो. हजार किलोमीटर हळू चालवून झालेल्या गाडीला मोठा कार्बोरेटर लावून तो कॅनॉलच्या रस्त्यानं जायचा, पूर्ण पिळायचा, एकदम इंजिन बंद करायचा आणि प्लग काढून बघायचा. तीन जेट बदलले. चौथ्याला बिस्किटाचा रंग आला. मग अंगणात गाडी स्टँडवर लावून त्यानं डोळे मिटले आणि बाजूचा स्क्रू फिरवत राहिला. कोवळ्या उन्हात बाजेवर रंभाकाकू बसल्या होत्या, शेजारी सोपानराव उभे होते. गाडी एकसारखी, गोड वाजायला लागली.

रंभाकाकूंनी बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली.

"ही त्याची न्हाई."

"अगं, त्याचीच हाय," सोपानराव म्हणाले.

"न्हाई. शेवटल्या महिन्यात त्याची गाडी आवळून वाजायची. गळा दाबल्यावानी. मी त्याला म्हणलंवतं, मेकॅनिकला दाव. ही मोकळी वाजतीया."

सोपानरावांनी आमच्या दोघांकडे बघितलं. "आवळून म्हंजी? जेट बारीक असला की तशी वाजती का?"

जेट बारीक असला की गाडी तशी वाजत नाही. महेंद्र डोळे मिटून स्क्रू फिरवत राहिला, आणि मला पहिल्यांदाच वाटलं, आता बोलावं, नाहीतर आपण माणूस म्हणून घ्यायच्या लायकीचे नाही. मी पुढं झालो. म्हणालो, "आप्पा, सिलेंडर तंग व्हता. त्यो मी केलावता." महेंद्रनं डोळे उघडून सरळ माझ्याकडे बघितलं आणि पहिल्याच शब्दाला ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळली. अंगण धुरानं भरलं. गोठ्यातल्या गाई दाव्याला ओढ द्यायला लागल्या. माझं बोलणं संपेपर्यंत त्यानं मूठ सोडली नाही.

आवाज उतरल्यावर सोपानराव मोठ्यानं म्हणाले, "काय म्हणला रं तू?"

एक वाक्य परत म्हणायचं होतं. तेवढंच.

"काय न्हाई आप्पा," मी म्हणालो.

दौंडच्या एसटीसाठी महेंद्रनं मला चौफुल्यापर्यंत स्वतःच्या गाडीवर सोडलं. उतरल्यावर मी म्हणालो, तुला चारी डाग दिसले होते. तो म्हणाला, "दिसले. पर आप्पांना मला माफ करायला सहा वर्सं लागली. आता नव्यानं दुसऱ्या कुणाला माफ करायला त्यांना लावू नगंस. म्हाताऱ्याचं वय हाय का तेवढं?" एवढं बोलून त्यानं गाडी वळवली.

रंभाकाकू पुढच्या पावसाळ्यात गेल्या, सोपानराव त्यानंतर तीन वर्षांनी. दोघांच्याही मातीला महेंद्र खांदा द्यायला पुढं होता. मी मागच्या माणसांत होतो. त्या दिवशी चौफुल्याला त्याचं बोलणं ऐकून मला काय वाटलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं होतं. एसटीत खिडकीशी जागा मिळाली आणि दौंड येईपर्यंत मला गाढ झोप लागली.