साडूंच्या खिशातला चिमटा

नाशिक शहरात माझ्या साडूंनी ऑक्सिमीटरच्या चिमट्यात न धरलेलं बोट आता उरलेलं नाही. पेपरवाला, भाजीवाली, सोसायटीचा वॉचमन, सगळ्यांचा ऑक्सिजन त्यांना तोंडपाठ. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींचं बोट त्यांनी ऐन संकल्पात पकडलं आणि फर्मावलं, "ब्याण्णव! गुरुजी, आरती बसून म्हणा." तेव्हापासून गुरुजी त्या घरात शिरतानाच हात उपरण्यात लपवतात.

साडू कॉलेजात पेशी शिकवून निवृत्त झाले, असं कॉलेज समजतं. लग्नाच्या पंगतीत जिलबी उचलूनही त्यांचा तास चालूच! "साडूभाऊ, प्रत्येक पेशीत एक निरोप्या प्रथिन अखंड तयार होतं. ऑक्सिजन भरपूर असला, की त्याच्यावर खूण होते आणि ते लगेच मोडीत निघतं. ऑक्सिजन घटला, की खूण करणारा थंडावतो. मग निरोप्या वाचतो, केंद्रकात घुसतो आणि झोपलेल्या जनुकांना हलवतो: उठा, रक्तपेशी वाढवा, नव्या केशवाहिन्या काढा!" तोवर पाक त्यांच्या कोपरापर्यंत पोचलेला.

"पेशी एवढी हुशार, मग तुम्ही का घाबरता?" मी विचारलं.

त्यांनी जिलबी पानात ठेवली. "तिला वेळ लागतो हो. तेवढा मिळायला हवा."

हे घाबरणं ताईंपायी, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीपायी. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियात त्या आठ दिवस ऑक्सिजनवर होत्या, आणि साडू आठही दिवस पडद्यावरच्या आकड्यासमोर खुर्चीत. आता ताई ठणठणीत. त्यांची मुलगी नोकरीला लेहमध्ये, तिथं नातीचं बारसं. डॉक्टरांनीही तपासून 'खुशाल जा' म्हटलेलं. पण साडू!

"लेहच्या हवेत उरलंय काय?"

"माणसं राहतात तिथं," ताई म्हणाल्या. "तुमची नात जन्मली, ती काय आकडा बघून?"

अखेर तह झाला. तिकीट काढायच्या सकाळी आकडा पंचाण्णवच्या वर आला, तरच जायचं.

ती सकाळ डिसेंबरची, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायला लावणारी. सातला फोन आला, "साडूभाऊ, चौऱ्याऐंशी!" मी स्कूटर अशी हाणली, की गंगापूर रोडचे गतिरोधक अजून धसकलेले असतील. ताई सोफ्यावर तीन रजयांत. साडूंचेच ओठ पांढरेफटक, हातात दवाखान्याची जुनी फाईल.

"राहू दे आता," ताई हळूच म्हणाल्या. "नातीला मोबाइलवर बघेन."

धीर द्यायला मी त्यांचा हात धरला, तर नुसता बर्फ!

"ताई, काय करत होता?"

"मेथी धूत होते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी."

मी गरम चहाचा कप त्यांच्या हातांत दिला. दहा मिनिटं कुणी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही. मग पुन्हा चिमटा. सत्त्याण्णव! बोट गारठलं, की यंत्र चुकतं, हे उभा जन्म पोरांना शिकवलेला माणूस फाईल छातीशी धरून फरशीवरच बसला. बराच वेळ उठला नाही.

दोघं लेहला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. त्या नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डोकं धरून झोपले होते ते साडू! "यांच्या पेशींना निरोप पोचायचाय अजून," ताई म्हणाल्या.

चिमटा अजून आहेच. फक्त आता साडू आधी ताईंचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ऊब देतात. परवा सकाळी मी गेलो, तेव्हा दोघं तसेच बसले होते. माझा चहा संपला, पेपर वाचून झाला. चिमटा मात्र खिशातच राहिला होता.