पस्तीस टक्के

आमच्या ह्यांना कुणी विचारलं, "काय सहादूभाऊ, कसं काय?" की तोंडातून एकच शब्द पडतो, "बरंय." घरात मीठ नसलं तरी बरंय, अंगात ताप असला तरी बरंय. लासलगावला कांद्याच्या गोण्यांची थप्पी पायावर कोसळली, टोळीतल्या माणसांनी ओढून बाहेर काढलं, तेव्हा एकानं घाबरून विचारलं, "सहादू, बरा हाय ना रे?" तर हा बाबा पांढऱ्याफटक तोंडानं म्हणतो, "बरंय." आता अशा माणसाला काय म्हणावं! उद्या यमानं विचारलं तरी हेच सांगतील.

हे शहाण्णव सालचं. तेव्हा हे रेल्वेच्या डब्यात कांदा भरणाऱ्या टोळीत हमाल होते. त्या दिवशी उजव्या पायाचं हाड मोडलं. दवाखान्यात बसवलं, पण धड बसलं नाय. गुडघा वाकायचा बंद झाला आणि घोट्याच्या वर एक जखम राहिली ती राहिलीच. खपली धरायची, पुन्हा फुटायची. टोळीत लंगड्या माणसाचं काय काम? मुकादमानं नारळ दिला.

माझा भाऊ नाशिक रोडला असतो, त्याच्या आधारानं आम्ही इकडं आलो. मी, हे आणि आमची रोशनी. जेल रोडला एक खोली घेतली. मी नोटा छापायच्या प्रेसच्या क्वार्टरमध्ये धुणंभांडी धरली. ह्यांना शेखरभाऊ गायधनीच्या पिठाच्या गिरणीत काम मिळालं, सकाळी शटर उघडल्यापासून दुपारपर्यंत. अर्धा दिवस, अर्धा पगार. बायकांचे डबे रांगेनं लावायचे, वजन करायचं, दळण टाकायचं, पीठ भरायचं. सगळं उभ्यानं. शिवाय जमिनीवर सांडलेलं पीठ शेखरभाऊ घरी न्यायला द्यायचे. त्याची भाकरी कधी गव्हाची, कधी हरभऱ्याची, कधी देवाला ठाऊक कशाची लागायची.

माझ्या पैशात खोलीचं भाडं आणि रोशनीची शाळा, ह्यांच्या पैशात रेशन आणि पायाची मलमपट्टी. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमचं अंथरूणच एवढं तोकडं की पाय पोटाशी घेऊनच झोपायचं. तरी चाललं होतं. मी खोटं नाय बोलणार, उपाशी कधी झोपलो नाय.

पण पाय काय ऐकेना. दोन हजार दोनच्या थंडीत पाय सुजून भोपळ्याएवढा झाला, तेव्हा मी ह्यांना ओढतच डॉक्टरकडं नेलं. त्यांनी पट्टी सोडली, बघितलं आणि माझ्याकडं बघून बोलले, "बाई, हाडात पू झालाय. पाय वाचवायचा असेल तर ह्यांचं उभं राहणं बंद करा. बसून काय करायचं ते करू द्या. असंच उभं राहिले तर एक दिवस पाय कापावा लागेल."

बसून करायचं काम मी शोधलं. हॉटेलवाल्यांचा लसूण सोलायला आणला. पोतंभर लसूण सोलून बोटं भाजल्यासारखी झाली आणि पैसे किती, तर चहापुरते. गिरणी सोडायची तर चूल कशावर पेटवायची? मी क्वार्टरमध्ये भांडी घासताना हेच बडबडत होते, तर वैद्यवहिनी म्हणल्या, "अगं गोजरा, मग अपंगाचा पगार का नाही लावून घेत? निराधार योजनेतून मिळतो, महिन्याला अडीचशे." मी तिथंच भांड्यांपाशी बसून मनातल्या मनात मांडणी केली. अडीचशे आणि लसणाचे जे येतील ते. ओढाताण झाली असती, पण गिरणी सुटली असती. पाय राहिला असता.

घरी येऊन सांगितलं, तर ह्यांचं भलतंच. "काम नाय केलं आन पगार कसला?"

"अहो, पेन्शनला पगार म्हणतात लोक!"

"आन निराधार? तू हाय, रोशनी हाय, तुझा भाऊ हाय. मी निराधार कसा?"

मी कपाळावर हात मारला. "तो नुसता योजनेचा शब्द हाय! सरकार तुम्हाला माझ्यापासून काडीमोड द्यायला नाय सांगत!" रोशनी हसून हसून लोळायला लागली. ती तेव्हा नववीत होती. तिनंच अर्ज भरला.

अर्जाला अपंगाचा दाखला जोडायचा होता. तो सरकारी दवाखान्यात मिळायचा, तिथं डॉक्टरांचं बोर्ड बसायचं. जायच्या आदल्या दिवशी मी ह्यांचा पांढरा सदरा धुऊन तांब्यानं इस्त्री केली. चार माणसांत जायचं म्हणल्यावर नीटनेटकं नको का? सकाळी ह्यांनी दाढी केली, केसांना तेल लावलं. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. माझं मेलीचं मन असं की मला त्याचा आनंदच झाला.

तिथं ही रांग! दुपारी शिपायानं नाव पुकारलं. मी उठले, तर म्हणतो, "फक्त पेशंट." मी बाहेर बाकड्यावर. थोड्या वेळानं हे बाहेर आले ते हसतच. हातात कागद.

"गोजरे, पस्तीस मिळाले! पास झालो!"

मलाही काय कळतंय? शाळेत पस्तीसला पास असतं, एवढं माहीत होतं. ह्यांची स्वतःची शाळा चौथीत सुटलेली, त्यामुळं आयुष्यात पहिल्यांदा कुठंतरी पास झाल्याचा आनंद. येताना रोशनीसाठी भेळभत्ता घेतला. ती कागद वाचून म्हणाली, "पस्तीस टक्के अपंगत्व लिहिलंय." पण पुरतात की नाय, हे तिला तरी कुठं ठाऊक?

पुढच्या सोमवारी तहसीलला गेलो. कारकुनानं दाखला बघितला आणि टेबलावरून परत सरकवला. "हे चालत नाही. कमीत कमी चाळीस टक्के लागतात."

"साहेब, पाचासाठी काय अडवता?" हे म्हणले. जसं काय भाजी घेताना घासाघीस चालली हाय.

"मी नाही अडवत, नियम अडवतो. डॉक्टरांनी लिहिलंय ते. पुढचा कोण?"

बाहेर पायरीवर येऊन मी विचारलं, "आत काय झालं होतं ते नीट सांगा मला."

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टरनं विचारलं होतं, काय त्रास आहे? हे म्हणले, काय नाय, बरंय. दुखतं का? थोडंफार, चालायचंच. काम करता का? हो तर, गिरणीत. मग डॉक्टर म्हणले, चालून दाखवा. तर ह्यांनी काठी दाराशी टेकवून ठेवली आणि त्या खोलीत दात आवळून, ताठ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवलं.

"काठी का ठेवली हो?"

"एवढी मोठी माणसं बसलेली. त्यांच्यासमोर काय काठी टेकत जायचं?"

अरे देवा! ज्या माणसाला घरात मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागते, तो नेमका तिथं पैलवान झाला! मी त्या पायरीवर असा शिमगा केला की अर्ज लिहिणारे लोक लिहायचे थांबले. "तुमच्या त्या बरंयला आग लागो," म्हणलं. "आपलंच नाणं खोटं, दुनियेला काय नाव ठेवायचं!" हे मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणले, "रडून दाखवायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं."

मी काठी उचलून ह्यांच्या हातात दिली.

फेरतपासणीचा अर्ज केला. सरकारी काम आणि सहा महिने थांब. आमच्या नशिबात त्याच्याहून जास्त, कारण तोवर सिंहस्थ कुंभमेळा आला. दोन हजार तीन. सगळं नाशिक त्याच्या तयारीला लागलेलं. दवाखान्यात विचारायला गेलं की म्हणायचे, "डॉक्टरांना मेळ्याची ड्यूटी लागलीय. पर्वण्या झाल्या की या."

तेवढ्या दिवसांत मी ह्यांची तयारी करून घेतली. रात्री जेवणं झाली की रोशनी डॉक्टर व्हायची. "काय त्रास आहे?" हे म्हणायचे, "दुखतं." मी म्हणायचे, "असं नाय, जरा कळवळून." हे घसा साफ करून पुन्हा म्हणायचे, "दुखतं, साहेब." पोस्टात तिकीट मागावं तसं! खरं दुखणं असून ह्यांना ते सांगता येत नव्हतं. आम्ही दोघी हसायचो आणि मला हसता हसता चीडही यायची.

आषाढात शेखरभाऊंनी निरोप दिला. मेळ्यातल्या एका अन्नछत्राच्या पिठाचं काम त्यांना मिळालं होतं. "आता अर्धा दिवस जमणार नाही. पूर्ण दिवस येत असला तर ये, नाहीतर मी दुसरा बघतो." शेखरभाऊ वाईट माणूस नाय. त्यालाही धंदा करायचा होता. पण मी ह्यांना बजावलं, "अजिबात जायचं नाय. डॉक्टर काय म्हणले ते विसरलात? गेली गिरणी तर गेली, पर्वणी होईपर्यंत मी आणखी दोन घरं धरते."

दोन घरं धरली, आणि आठच दिवसांत मी टायफॉईडनं अंथरुणाला खिळले. सगळीच घरं सुटली. तापात मला दिवस-रात्र कळत नव्हतं. हे सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. मी विचारायचे, "कुठं असता?" म्हणायचे, "शेखरभाऊंनी गल्ल्यावर बसवलंय, नुसतं बसून पैसे घ्यायचे." मला तापात तेही खरं वाटलं. औषधं येत होती, रोशनी मला पेज करून घालत होती. पैसा कुठून येतो हे विचारायची ताकद नव्हती.

मी उठून बसायला लागले, तेव्हा खोलीत घाण वास येतोय हे पहिल्यांदा लक्षात आलं. हे भिंतीकडं तोंड करून निजले होते, अंग फणफणलेलं. पांघरूण काढलं. पट्टीत पीठ शिरून, पू मिसळून, त्याचा नुसता लगदा झाला होता. घोट्याखाली पाऊल काळं पडलेलं. कुठला गल्ला आणि कुठलं काय! महिनाभर सकाळपासून रात्रीपर्यंत उभं राहून हा माणूस साधूंच्या पोळ्यांचं पीठ दळत होता.

मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता, पाय बघून चिडला. "इतके दिवस काय करत होता? दुखत नव्हतं का तुम्हाला?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मीच सांगितलं, "दुखत होतं, साहेब. लय दुखत होतं. त्यांना सांगता येत नाय."

दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली पाय कापला. लोक गंगेवर, आमच्या गोदावरीवर, पर्वणीच्या स्नानाला निघाले होते, दवाखान्याच्या खिडकीतून मेळ्याचे भोंगे ऐकू यायचे. मला त्या दिवशी कुठलाच देव नको वाटला.

दिवाळीनंतर बोर्ड बसलं. भावानं रिक्षातून उतरवून ह्यांना आत नेलं. या वेळी कुणी काही विचारलं नाय. चालून दाखवा म्हणायचा तर प्रश्नच नव्हता. सही-शिक्का मारून लगेच कागद हातात. रोशनीनं वाचलं, सत्तर टक्के. तहसीलच्या कारकुनानं तो दाखला बघितला आणि खुर्ची सरकवून चांगल्या शब्दात म्हणाला, "बसा काका. आता काही अडचण नाही, नियमात बसतंय."

पहिला पगार हातात यायला पुढचा उन्हाळा उजाडला. बँकेतून बाहेर आल्यावर हे कुबड्यांवर रेलून नोटा बघत राहिले आणि म्हणले, "गोजरे, माझंच चुकलं बघ. पाय आधीच देऊन टाकला असता तर मधल्या एवढ्या दिवसांचा पगार बुडला नसता."

मी भर रस्त्यात ओरडले, "गप बसा! एक शब्द बोलू नका!" माणसं वळून बघायला लागली. मला ह्यांचा राग आला होता, त्या बोर्डाचा आला होता, गिरणीचा, मेळ्याचा, सगळ्यांचाच. पण उन्हात उभं राहून कुणाकुणाशी भांडणार?

ह्यांच्या डाव्या पायातली चप्पल पार झिजली होती, उन्हानं पाय पोळत होता. म्हणून समोरच्याच चपलांच्या दुकानात गेलो. मी म्हणलं, "भाऊ, डाव्या पायाची एकच द्या."

दुकानदारानं ह्यांच्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. त्यालाही अवघडल्यासारखं झालं. "मावशी, एक कशी देऊ? राहिलेली दुसरी कुणाला विकू? जोडच घ्यावा लागेल."

मी भांडायला तोंड उघडलं. ह्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "जाऊ दे, त्याचं तरी काय चुकलं? घे जोड."

मग मी जोडाचे पैसे दिले. एवढं करून मिळालेला पगार, आणि त्यातला पहिला खर्च आम्ही नसलेल्या पायावर केला.