ब्रोना पुस्तकात स्वतःला शोधते

ब्रोना टूही हिला त्या वसंतात तेविसावे वर्ष लागले होते. स्कॅरिफ गावातील शेतकी दुकानात ती वासरांसाठी दुधाची भुकटी, कुंपणाची तार आणि रबरी बूट विकत असे. माणूस दारातून आत येताच त्याच्या पायाचे माप ओळखण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता.

म्युरिन मिनोग ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. दोघी लिमरिक शहरात शिकण्यास गेल्या आणि एका ओलसर खोलीत दोन वर्षे एकत्र राहिल्या. ब्रोनाचे शिक्षणात मन रमले नाही, म्हणून ती गावी परतली. म्युरिन पुढे डब्लिनला गेली. हळूहळू फोन कमी झाले. आणि मग, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, म्युरिनची कादंबरी छापून आली. दोन मैत्रिणींची, एका ओलसर खोलीची!

गावात जी धांदल उडाली ती सांगता सोय नाही. जो तो पुस्तकात स्वतःला शोधू लागला. पॅकी हार्नी हे ऐंशी वर्षांचे गृहस्थ तर दुकानात पुस्तक उंच धरूनच शिरले.

"ब्रोना! मी आहे गं यात! पान चौऱ्याऐंशी!"

"अहो पॅकी, त्या पानावरचा माणूस मेलाय."

"मेला तर मेला! आहे ना? तू कुठल्या पानावर?"

ब्रोना बुटांची खोकी लावू लागली. दोन दिवसांत तिने संपूर्ण कादंबरी वाचून काढली होती, आणि ती कोठेही नव्हती. कथा सांगणाऱ्या मुलीला नावच नव्हते. ती स्वतःला केवळ 'मी' म्हणत असे, आणि सगळे गाव म्हणत होते की ही 'मी' म्हणजे म्युरिनच. कादंबरीत तिची लीश नावाची एक मैत्रीण होती. परंतु लीश अबोल, भित्री, सदा वहीत काहीबाही लिहिणारी. ती ब्रोना असणे शक्यच नव्हते. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की लिमरिकमध्ये असताना एकदा शॅनन नदीच्या पुलावर अडविणाऱ्या पोलिसाला जे उत्तर ब्रोनाने दिले होते, ते पुस्तकात 'मी' देत होती. मैत्रिणीने आपल्याला वगळले आणि वर आपले बोलणेही स्वतःच्या तोंडी घातले, असे तिच्या मनाने घेतले. आपली मैत्री एकट्या आपल्याच बाजूने होती की काय, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते.

शनिवारी दुपारी ग्रंथालयात प्रकाशन ठेवले होते. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक बालविभागातील इवल्या बाकांवर बसले. ब्रोना दाराजवळ उभी राहिली. इतक्यात म्युरिन गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आली. तीन दिवस मुलाखती देऊन तिचा आवाज पार बसला होता. तिने पुस्तक उघडून पुढे केले आणि घशाकडे बोट दाखविले.

"मी वाचू?" ब्रोना म्हणाली. "ज्या पुस्तकात मी औषधालाही नाही, ते?"

म्युरिनचे डोळे विस्फारले. तिने बोलण्यासाठी तोंड उघडले, परंतु गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला. मग तिने त्याच पानावर तीनदा बोट आपटले. तेवढ्यात ग्रंथपाल नोरीन यांनी कपावर चमचा वाजविला. "ब्रोना, ये बाळ, चहा निवतोय!"

दीडशे माणसांसमोर नाही म्हणणे ब्रोनाच्या स्वभावात नव्हते. ती पुढे गेली व वाचू लागली.

"'आम्ही दोघींनी गादी डोक्यावर घेतली होती. वारा इतका की लीश गादीसकट नदीत जायची. पोलिसाने हात करून विचारले, हे काय चाललंय? मी म्हटलं, साहेब, गादीला फिरायला नेतोय, दिवसभर घरात पडून असते बिचारी.'"

हशा पिकला. ब्रोनाचे गाल तापले, तरीही ती पुढे वाचत गेली.

"'तो म्हणाला, लांब जायचंय का? मी श्वास आत ओढत म्हटलं, हो.'"

आणि तिने तो 'हो' तसाच म्हटला. आत श्वास ओढत होकार देण्याची रीत त्या भागात घरोघरी आहे. परंतु ब्रोनाचा होकार दुकानातून थेट मागील गोदामापर्यंत ऐकू जात असे.

"अरे, ही तर ब्रोना!" पॅकी ओरडले. "ती 'मी' म्हणजे आपली ब्रोना!"

एकच गदारोळ उडाला. "मी तेव्हाच म्हटलं होतं!" असे तिघे चौघे म्हणाले. त्यांच्यापैकी कोणीही तसे म्हटले नव्हते. ब्रोना मान खाली घालून पानाकडे पाहत राहिली. भित्री, वहीत लिहिणारी लीश कोण, हे तिला एका क्षणात उमगले. तीनशे पाने म्युरिन ब्रोनाच्या डोळ्यांनी स्वतःकडे आणि जगाकडे पाहत होती.

ती म्युरिनकडे वळली. "अगं गाढवे, मला विचारायचं तरी!"

"नाही म्हणाली असतीस," म्युरिन कुजबुजली.

"म्हणालेच असते!"

"मग?"

ब्रोना हसू लागली. डोळे पुसण्यास हात मोकळा नव्हता, म्हणून तिने खांद्याला गाल घासला.

ठरलेले पान तेथेच संपत होते. नोरीनबाई टाळ्यांसाठी हात उचलून उभ्या होत्या.

"थांबा हो," ब्रोना म्हणाली. "पुढं मी काय केलं ते वाचू द्या."

आणि तिने पान उलटले.