अंगावर काही नाही ना

पहिला डाग ओठाच्या उजव्या कोपऱ्याखाली होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. टूथपेस्ट राहिली असेल असं वाटून मी तो पुसला. गेला नाही. मग दर रविवारी मुलीच्या जुन्या कंपासपेटीतल्या पट्टीने मी तो मोजू लागले. डिसेंबरपर्यंत त्याचा रुपया झाला आणि हनुवटीवर दुसरा उठला.

मी एकोणीस वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काढली. बातमीत ‘कोड’ हा शब्द आला की आम्ही तो खोडून ‘त्वचाविकार’ लिहायचो. वाचक बिचकतात, असं वरिष्ठ सांगत. कोड म्हणजे लाडही. कोड पुरवणे, कोडकौतुक. ते कोड आम्ही कधी कापलं नाही. बोळिंजच्या फ्लॅटमध्ये मुलगी आणि मी दोघीच राहतो, आणि घरातही आम्ही ‘डाग’ एवढंच म्हणायचो. डॉक्टरबाईंनी सांगितलं, हे संसर्गजन्य नाही, जिवाला धोका नाही, वाढेल की थांबेल ते सांगता येत नाही, उन्हात जपा. मुलीने माझ्या रंगाचा, डाग झाकायचा कन्सीलर आणला आणि पहिल्या दिवशी स्वतः लावून दिला.

“बघ आरशात,” ती म्हणाली. “काही झालंच नाही.”

जानेवारीत तिला स्थळ आलं. दोघं दोनदा भेटली होती आणि मुलगा तिला आवडला होता. मध्यस्थी तिच्या आत्याची. माझे पती गेले त्यानंतरच्या वर्षश्राद्धापासून आमची गाठ नव्हती, त्यामुळे तिने माझे डाग पाहिले नव्हते.

“माणसं साधी आहेत हो वहिनी,” ती फोनवर म्हणाली. “देणंघेणं नाही, मानपान नाही. एकच विचारलंय. घरात कुणाच्या अंगावर काही नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले.

पडताळून पाहिल्याशिवाय एक ओळ पुढे सोडायची नाही, हे मी नव्या मुलांना शिकवत आले होते. पाहुण्यांचा रविवार ठरला, दोन आठवड्यांनंतरचा.

बोळिंजच्या इमारती संपल्या की पश्चिमेला केळी-भाजीच्या वाड्या लागतात. सकाळी मी तिकडे चालायला जायचे. तिथे एका निवृत्त शिक्षिकेची वाडी आहे. आल्यागेल्यासकट सगळे त्यांना टीचर म्हणतात. घरच्यांशी त्या जी बोली बोलतात ती मला अर्धीच कळते. माझ्याशी बोलताना शाळेतलं मराठी काढतात. वाडीच्या मधोमध बावखल आहे, म्हणजे शिंपणासाठी जुन्या पिढ्यांनी खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. एके दिवशी त्याच्या काठावर मी घाम पुसला आणि रुमालावर माझा रंग उतरला.

“हे कधीपासून, बाय?” टीचरनी विचारलं.

“चहा सांडला. भाजलं.”

“भाजल्याची कड अशी नसते. माझ्या नणंदेला होतं. कोड आहे हे.”

वांग्याचं किंवा पडवळाचं नाव घ्यावं तसा त्यांनी तो शब्द उच्चारला. मग कुंपणाजवळच्या क्रोटनची फांदी वाकवून माझ्यापुढे धरली. हिरव्या पानांवर पांढरे चट्टे.

“ह्याला लोक शोभेचं झाड म्हणून दारात लावतात. तुला कुणी दारात लावत नाही, एवढाच काय तो फरक.”

मी मोठ्याने हसले. लेप भेगाळेल म्हणून तोवर मी ओठ मिटून हसायचे.

“आता हे बघ.” त्यांनी एका पानाचा पांढरा भाग दाखवला. कड करपून तपकिरी झाली होती. “ऊन आधी ह्यालाच खातं. म्हणून तोडायचं नाही. सावलीला ठेवायचं.”

पलीकडच्या काठाला लागून शेजारच्या प्लॉटवर भराव पडत होता. चार डंपर रांगेत उभे होते. पाणी गढूळ झालं होतं.

“पाणी वाढलंय,” मी म्हणाले.

“बुजवायला घेतलं की आधी वरच येतं. बघणाऱ्याला वाटतं, काय छान भरलंय.”

त्यानंतर मी वाडीत काही न लावता जाऊ लागले. केळींच्या सावलीत बसून पाण्यात बघायचे. गढूळ पाण्यात रंग कळत नाही, नुसता चेहरा दिसतो. गालांची हाडं आईची, कपाळ माझं. तो पाहवत नाही असं वाटेना. त्या रविवारी मी डाग मोजायला पट्टी काढली नाही. पुढच्या बुधवारी पाण्यावर तीन मासे पोट वर करून तरंगत होते. टीचरनी ते काठीने काठाला ओढले.

पाहुणे यायच्या आदल्या दुपारी मी मुलीला सांगितलं, “उद्या मी तोंडाला काही लावणार नाही.”

ती चिडेल अशी माझी तयारी होती. ती खुर्चीत बसली.

“मग ते विचारतील.”

“विचारू देत. मी खोटं बोलले होते, तेही सांगते.”

“आई, मग मला पण विचारतील.”

तिने घड्याळाचा पट्टा सोडला. मनगटावर दोन पांढरे ठिपके होते, शेजारीशेजारी. बोटाने चोळल्यावर त्यांच्याभोवतीचा लेप निघाला आणि ते दिसत होते त्याहून मोठे निघाले. शेड माझीच होती.

“कधीपासून?”

“दिवाळी. तुला सांगणार होते. पण तू तुझंच लपवत होतीस.”

मी आत्याला फोन लावला आणि मोबाईल टेबलावर, दोघींच्या मध्ये ठेवला.

“माझ्या अंगावर कोड आहे,” मी म्हणाले. “त्या दिवशी मी खोटं सांगितलं.”

पलीकडे कुणीतरी टीव्ही बारीक केला.

“अहो वहिनी... बरं. तुमचं असू दे. वय झालं, होतं एकेकाला. मुलीला नाही ना?”

मी तोंड उघडलं. मुलीने हाताने मला थांबवलं.

“आहे, आत्या,” ती म्हणाली. “मनगटावर. त्यांना सांग.”

रविवारी कुणी आलं नाही. मुलाचा फोन सोमवारी आला. आई तयार नाही, म्हणाला. स्वतःचं काही म्हणाला नाही. मुलगी दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी घड्याळ न घालता ऑफिसला गेली.

तिच्या मनगटावर आता तीन ठिपके आहेत. तिसरा तिने मला स्वतः आणून दाखवला.