मागच्या पायरीवरची करवंटी

"दाखव ना गं, तुझी आजी चहा कशी प्यायची ते."

दादा हे पाहुण्यांसमोर बोलला. दादा म्हणजे चौलमधल्या त्या नारळ-सुपारीच्या वाडीचा मालक. वाडीत त्यानं पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात. मी तिथं स्वयंपाक करायची. माझ्या हातचे घावणे सगळ्यांना चालायचे. माझा चहाचा ग्लास मात्र मागच्या खिडकीत, वेगळा.

त्या दिवशी त्यानं पॉलिश केलेली करवंटी माझ्या हातात दिली. "आमची जुनी कोकणी पद्धत," पाहुण्यांना म्हणाला. मी मागच्या पायरीवर उकिडवी बसले. करवंटी पुढे धरली. त्यानं वरून चहा ओतला. बोटांवर सांडला, चटका बसला. सगळ्यांचे मोबाईल वर. एक बाई म्हणाली, "किती गोड!"

आणि मी हसले. फोटोत नीट यावं म्हणून हसले. लाज मला त्या हसण्याची वाटते. चटक्याची न्हाय.

कसली डोंबलाची पद्धत! आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला, घरातले देव सोडले. तरी त्याच वाडीत सुपारी सोलायला जाणाऱ्या माझ्या आजीला, मग आईला, चहा करवंटीतच. प्यायचा, आपली करवंटी आपणच विसळायची, कुंपणात खोचायची आणि कामाला लागायचं. मी लहानपणी आईबरोबर जायची. शाळेतल्या मुली रस्त्यानं दिसल्या, की झाडाआड लपायची. लाज त्या मालकाच्या घराची वाटायला हवी होती ना? मला आईची वाटायची. कुणी शिकवलं न्हाय, तरी बरोबर शिकले.

तो फोटो फिरत फिरत आमच्या बौद्धवाडीत आला. आईनं मोबाईल लांब धरून बघितला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चकचकीत हाय गं," ती म्हणाली. "आमची कुनी घासली न्हाय कधी."

मग मोबाईल माझ्या हातात देत, "ह्यातून प्यायला लागू नये म्हनून तुला बारावीपर्यंत शिकवली ना मी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रात्री जेवण गेलं न्हाय.

पुढच्या शनिवारी नवे पाहुणे आले. दादानं हाक मारली, "ये गं, दाखव यांना." करवंटी पुढे केली. मी ती घेतली न्हाय. स्वयंपाकघरात गेले, त्याच्या घरची माणसं पितात त्यातला एक कप काढला, चहा ओतला आणि पुढच्या ओटीवर त्यांच्या झोपाळ्यावर जाऊन बसले.

"मी अशी पिते," म्हटलं.

या वेळी एकानंही मोबाईल काढला न्हाय.

"उतर खाली," दादा दातओठ खात म्हणाला. कप संपेपर्यंत उतरले न्हाय. चव विचाराल तर कळलीच न्हाय.

"उद्यापासून येऊ नकोस."

"न्हाय येत."

आता रेवदंड्याला एका खानावळीत भाकऱ्या भाजते. तो फोटो अजून फिरतोय. त्यातली दात काढून हसणारी बाई मीच हाय, ती मी न्हाय असं कुणाला सांगू? बघितला की मान खाली जाते. पण आता एक पक्कं. माझी आजी, माझी आई चहा कशी प्यायची, हे कुणीही विचारा. कुंपणासकट सांगेन, कुणाच्या वाडीत तेही सांगेन. करून दाखवणार न्हाय.